थरांचं नक्षीदार पातं: सांधा का सुटतो आणि नक्षी का उठत नाही

प्रश्न थोडक्यात असा: लोणारी कोळशाची भट्टी आहे, हाताने फिरवायचा पंखा आहे, ट्रकच्या कमानपाट्याचे तुकडे आणि सॉ-मिलमधून आणलेली जुनी करवतीची पट्टी आहे. नऊ थरांची थप्पी सांधली, म्हणजे तापवून ठोकून एकजीव केली, पण ताणताना, म्हणजे ठोकून लांब करताना, ती मधोमध उघडली. दुसरी थप्पी टिकली, सुरीही झाली, पण नक्षी उठवायच्या आम्लात, म्हणजे फेरिक क्लोराइडमध्ये, बुडवल्यावर पातं सगळीकडून सारखंच काळं पडलं. काय चुकलं?

यात दोन दोष आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. थप्पी उघडली ती सांधा न बसल्यामुळे. नक्षी उठली नाही ती पोलादाची जोडी चुकल्यामुळे. आधी पोलाद, कारण ते चुकलं तर पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते.

नक्षी दिसते ती दोन पोलादांवर आम्लाचा परिणाम वेगळा होतो म्हणून. निकेल असलेलं पोलाद आम्लाला फारशी दाद देत नाही, ते चंदेरी राहतं. साधं कार्बन-मँगनीज पोलाद काळवंडतं. म्हणून जगभर १०८४ आणि १५एन२० या पोलादांच्या जातींची जोडी वापरतात. १०८४ मध्ये कार्बन साधारण ०.८४ टक्के आणि मँगनीज ०.६ ते ०.९ टक्के. १५एन२० मध्ये कार्बन ०.७५ टक्क्यांच्या आसपास आणि निकेल २ टक्के. दोन्ही जवळपास एकाच तापमानाला पाणी घेतात, म्हणजे तापवून एकदम विझवल्यावर कडक होतात, आणि तेही एकाच तेलात. ही गोष्ट नक्षीपेक्षाही महत्त्वाची आहे, कारण विझवताना एक थर आधी आणि दुसरा मागाहून फुगला तर सांध्यावरच ताण येतो.

लाकूड चिरायच्या रुंद करवतीच्या पट्ट्या बऱ्याचदा १५एन२० जातीच्या असतात, पण सगळ्या नसतात. कित्येक पट्ट्या निव्वळ कार्बन पोलादाच्या असतात आणि दिसायला दोन्ही सारख्याच. तुमची पट्टी बहुधा दुसऱ्या प्रकारची होती. तपासणी सोपी आहे: पट्टीचा आणि जोडीच्या पोलादाचा एकेक तुकडा घ्या, दोन्हीला त्याच तेलात पाणी द्या, ६०० नंबरच्या कागदाने घासा आणि शेजारी शेजारी दहा मिनिटं फेरिक क्लोराइडमध्ये ठेवा. पट्टी उजळ राहिली तर निकेल आहे. दोन्ही काळे पडले तर ती पट्टी या कामाची नाही. धातू कापायच्या अरुंद बायमेटल पट्ट्या तर घेऊच नका, त्यांचे दात एका पोलादाचे आणि पाठ दुसऱ्याची असते.

कमानपाट्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. कोयत्याला तो उत्तम, थरांच्या पात्याला दुय्यम. बरेच पाटे सिलिकॉन-मँगनीज पोलादाचे असतात, कार्बन ०.५ ते ०.६ टक्के. त्यामुळे धार जरा मऊ राहते. त्यातून वापरलेल्या पाट्यात वर्षानुवर्षांच्या लवचिकीने पडलेल्या बारीक भेगा असतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण थप्पीत गेल्यावर प्रत्येक भेग म्हणजे एक न सांधलेली रेघ होते. पाटाच वापरायचा असेल तर न वापरलेला, गाडीवर न चढलेला घ्या. बेअरिंगचं पोलाद सुरुवातीला टाळा. त्यातल्या क्रोमियमचं ऑक्साइड टाकणखारात (सांधताना थरांवर घालायच्या बोरॅक्समध्ये) सहजी विरघळत नाही आणि सांधा फसवा बसतो. बांधकामाची सळई किंवा साधी लोखंडी पट्टी मिसळू नका. जस्ताचा मुलामा असलेलं काहीही भट्टीत घालू नका, त्याचा धूर विषारी असतो.

सळई का नको, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण ‘एक थर कडक आणि एक मऊ, म्हणून धार चिवट’ हा समज फार पसरला आहे. सांधण्याच्या तापमानाला कार्बन एका थरातून दुसऱ्यात झपाट्याने सरकतो. दोन-तीन वेळा सांधून थर पातळ झाले की सगळ्या पात्यात कार्बन जवळपास सारखा होतो. निकेल मात्र जागचं फारसं हलत नाही, म्हणून नक्षी टिकते. म्हणजे निम्मं ०.८४ टक्क्यांचं पोलाद आणि निम्मी ०.१ टक्क्याची सळई घेतली तर सगळं पातं ०.४७ टक्क्यांचं होतं, कडक थर उरतच नाहीत. दोन्ही पोलादं मुळातच सुरीच्या लायकीची हवीत.

आता माप. हाताने, घणाच्या मदतीने होण्यासारखं काम म्हणजे १८० मिलिमीटर लांबीची स्वयंपाकघरातली सुरी. त्यासाठी ११० मिलिमीटर लांब आणि ३० मिलिमीटर रुंद असे तुकडे कापा. ३ मिलिमीटर जाडीच्या १०८४ चे सहा आणि दीड मिलिमीटर जाडीच्या १५एन२० चे पाच. एकाआड एक रचल्यावर ११ थर, जाडी साडेपंचवीस मिलिमीटर आणि वजन सुमारे ६६० ग्रॅम. बाहेरच्या दोन्ही बाजूंना १०८४ येईल. खपली (तापलेल्या पोलादावर धरणारा ऑक्साइडचा पापुद्रा) आणि घासकाम यांत एक तृतीयांशाहून जास्त माल जातो. राहिलेल्या सव्वाचारशे ग्रॅममध्ये पातं आणि मुठीत जाणारा भाग आरामात बसतो. यापेक्षा जड थप्पी कोळशाच्या भट्टीत आतपर्यंत तापत नाही आणि हातानेही ताणवत नाही.

प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजू ग्राइंडरने उजळ धातू लागेपर्यंत घासा. कारखान्यातली करडी खपली जराही राहता कामा नये. कडा किंचित गोलसर असल्या तरी चालतील, पण मध्ये खळगा नको. तिथे टाकणखार अडकून बसतो. मग थिनरने पुसा, भट्टीपासून लांब. पुसल्यानंतर बोटांनी मधल्या भागाला हात लावू नका. थप्पी व्हाइसमध्ये आवळून चारही कोपऱ्यांवर आर्क वेल्डिंगची एकेक रेघ ओढा आणि एका टोकाला १२ मिलिमीटरची, दोन फूट लांब सळई जोडा. सांडशीपेक्षा या दांड्याने थप्पीवर ताबा चांगला राहतो. वेल्डिंगचे हे ठिपके पुढे घासून काढायचेच आहेत, ते पात्यात जायला नकोत.

भट्टीत सगळा खेळ हवेचा आहे. पंख्याच्या तोंडाशी हवा जास्त आणि कोळसा कमी, तिथे पोलाद जळतं. वर, जिथे हवेतला ऑक्सिजन संपलेला असतो, तिथे ते स्वच्छ राहतं. म्हणून थप्पीच्या खाली किमान १५० मिलिमीटर पेटलेला कोळसा हवा, बाजूंनी आणि वरूनही कोळसा हवा, आणि पंखा सावकाश फिरवायचा. तुमची थप्पी उघडली त्यामागे मला दोन शक्यता दिसतात: एक तर ती हवेच्या झोतात होती, नाहीतर बाहेरून पिवळी आणि आतून नारिंगी असताना ठोकली गेली. लोणारी कोळसा बाभळीचा असेल तर उत्तम, त्यात गंधकाचा त्रास नसतो. दगडी कोळसा वापरणार असाल तर आधी त्याचा धूर पूर्ण जाऊ द्या, नुसता कोक उरल्यावरच थप्पी आत घाला आणि सांधण्याच्या प्रत्येक तावाआधी, म्हणजे तापवण्याच्या प्रत्येक फेरीआधी, तळातला खंगर (वितळून गठ्ठा झालेली राख) काढून टाका. काम उघड्यावर किंवा आरपार हवा खेळणाऱ्या छपराखाली करा. मंद हवेची भट्टी कार्बन मोनॉक्साइड सोडते, त्याला वास नसतो.

टाकणखार म्हणजे सवागी जशीच्या तशी टाकली तर तिच्यातलं पाणी उकळून ती फुगते आणि कोळशात पडते. आधी लोखंडी तव्यावर फुलवून घ्या, थंड झाल्यावर कुटून पूड करा आणि बंद डब्यात ठेवा. थप्पी नारिंगीकडे झुकणारी लाल झाली, साधारण ८०० ते ८५० अंश, की बाहेर काढून तिन्ही मोकळ्या बाजूंच्या फटींवर पूड शिंपडा. जास्त वेळ बाहेर ठेवू नका. टाकणखार वितळून फटीत शिरतो, तयार झालेली खपली विरघळवतो आणि नवी होऊ देत नाही. यापलीकडे त्याचं काम नाही. तो चिकटवत नाही, उलट सांधा बसताना तो पूर्ण बाहेर पडायला हवा.

मग सांधण्याचा ताव. या जोडीला साधारण ११८० ते १२३० अंश लागतात. डोळ्यांनी बघायचं तर पोलाद उजळ पिवळं होतं, त्याच्या कडा भोवतालच्या निखाऱ्यांत मिसळून जातात आणि वरचा टाकणखार वितळलेल्या तुपासारखा पातळ होऊन सळसळत राहतो. ठिणग्या उडायला लागल्या की पोलाद जळतंय. जळलेला भाग पुन्हा नीट होत नाही, तो कापूनच टाकावा लागतो. रंग आला म्हणजे झालं, असं नाही. पंचवीस मिलिमीटरच्या थप्पीत वरचा रंग आल्यावर गाभ्यापर्यंत तेवढीच उष्णता पोचायला चार-पाच मिनिटं लागतात. या वेळात पंखा आणखी हळू करा आणि थप्पी दर अर्ध्या मिनिटाने फिरवत राहा. खात्री करायची तर बारीक लोखंडी तारेचं टोक थप्पीला टेकवा. ते चिकटून ओढल्यासारखं झालं तर ताव आला.

ऐरण थंडगार असेल तर आधी जाड तापलेलं लोखंड तिच्यावर ठेवून कोमट करा, नाहीतर खालचा थर टेकताच ताव खाली येतो. थप्पी ऐरणीवर आणून एक-सव्वा किलोच्या हातोडीने हलके, सपाट, भराभर ठोके द्या: मधून सुरुवात, मग दोन्ही टोकांकडे. ठोका फक्त थरांवर सरळ वरून. जोर नको. या तापमानाला स्वच्छ पोलाद नुसत्या संपर्काने जुळतं, जोरदार घाव घातला तर थर एकमेकांवरून घसरतात आणि जुळलेलं सुटतं. पहिल्या ठोक्याला टाकणखार पिचकारीसारखा बाजूने उडतो आणि त्याचं तापमान बाराशे अंश असतं. म्हणून चष्मा, चामड्याचा एप्रन, सुती कपडे आणि बंद बूट. ऐरणीवर पाच-सहा सेकंदच हातात असतात. नारिंगी रंग आला की थांबा, ब्रशने खपली झाडा, पुन्हा टाकणखार शिंपडा आणि भट्टीत घाला. असे तीन पूर्ण ताव दिल्याशिवाय ताणायला घ्यायचं नाही. पहिल्या तावानंतर कड बंद दिसते म्हणून लगेच घण चालवणं, ही या कामातली सगळ्यात नेहमीची चूक आहे.

सांधा बसला की नाही हे थप्पी निवताना दिसतं, आणि ते बघायची सवय लावून घ्या. तिसऱ्या तावानंतर थप्पी सावलीत धरा आणि कड डोळ्यांसमोर आणा. अखंड ठोकळा सगळीकडे एकसारखा विझत जातो. जिथे सांधा नाही तिथे वरचा थर एकटाच असल्यामुळे आधी थंड होतो. त्या जागी नारिंगीत काळपट डाग उठतो आणि कडेला केसाएवढी गडद रेघ दिसते. डाग दिसला तर त्याच जागी कडेने टाकणखार घाला आणि पुन्हा पूर्ण ताव द्या. तरी राहिला तर ठोकळा थंड करून ग्राइंडरने कडा उजळ घासा आणि रेघ कुठवर जाते ते बघा. कडेजवळची रेघ घासून जाते. मध्यापर्यंत गेलेली रेघ जात नाही, तो भाग सोडून द्यावा लागतो.

ताणताना ठोकळा नेहमी उजळ नारिंगीच्या वर ठेवा. साडेनऊशे अंशांखाली घण मारला की बाहेरचा भाग पसरतो, गाभा जागेवरच राहतो आणि सांधा फाटतो. घणासाठी दुसरा माणूस घ्या. महाराष्ट्रात रस्त्याकडेला भाता लावणाऱ्या घिसाडी कुटुंबांत पुरुष सांडशी धरून लहान हातोडीने जागा दाखवतो आणि बाई घण घालते. नवख्याने ती जोडी काम करताना नीट बघावी, कारण घाव कुठे आणि कधी पडायचा हे सांडशी धरणाराच ठरवतो. चार-पाच किलोचा घण पुरतो. रुंदी ३० मिलिमीटरच ठेवत लांबी साधारण ३०० मिलिमीटर करा. जाडी आठ मिलिमीटरच्या आसपास येईल.

आता सहाही बाजू उजळ घासा, शंभर शंभर मिलिमीटरचे तीन तुकडे करा आणि आधीसारखीच थप्पी रचा. ११ चे ३३ झाले. तीनच्या जोडणीत १०८४ वर १०८४ येतो, ते दोन थर मिळून एकच जाड थर होतो, म्हणून प्रत्यक्षात वेगळे दिसणारे ३१. पुन्हा तीन ताव, पुन्हा ताणणं, पुन्हा तीन तुकडे: आता ९१. सुरीसाठी इथेच थांबा. थर वाढवत नेले की प्रत्येक थर पातळ होतो, नक्षी बारीक होत होत नुसता करडा धूसरपणा उरतो आणि प्रत्येक नव्या सांध्याबरोबर दोषाची एक नवी जागा तयार होते. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीच्या मास्टर स्मिथ परीक्षेत किमान ३०० थरांचं पातं मागतात, ते सांधण्यातला हात पाहण्यासाठी. धार थरांच्या संख्येने चांगली होत नाही, ती पाण्याने आणि घासण्याने होते.

पहिल्या पात्याला वेगळी नक्षी काढू नका. ठोकळा गोल तोंडाच्या हातोडीने दोन्ही बाजूंनी वेडावाकडा ठोकून मग सपाट घासला की थर उघडे पडतात आणि नदीच्या गाळासारख्या रेषा येतात. शिडीची नक्षी दुसऱ्या पात्याला. नऊ मिलिमीटर जाड ठोकळ्यावर आडव्या खाचा, १२ मिलिमीटर अंतराने, जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत खोल. मागच्या बाजूच्या खाचा समोरच्या दोन खाचांच्या बरोबर मध्ये. खाच गोल तळाची हवी, धारदार तळाची खाच ठोकताना मिटून घडी होते आणि भेग राहते. मग सांधण्याच्या तावाजवळ तापवून सहा मिलिमीटरपर्यंत सपाट ठोका. पिळाची नक्षी सगळ्यात शेवटी शिका, पिळताना प्रत्येक कच्चा सांधा उघडा पडतो.

पात्याचं टोक कापून काढण्यापेक्षा ठोकून आणा, म्हणजे थर टोकाकडे वळत जातात. धारेकडचा उतार थोडाच ठोका, बाकी घासून करा. ठोकलेल्या प्रत्येक बाजूवरचा अर्धा मिलिमीटरपर्यंतचा थर कार्बन गेलेला असतो, तो घासून काढायचाच आहे. पाणी देण्याआधी धार एक मिलिमीटर जाड ठेवा. त्याहून पातळ ठेवली तर विझवताना ती लाटेसारखी वाकते किंवा तडकते.

पाणी देण्याआधी पोलादाचे दाणे बारीक करून घ्या. सांधण्याच्या तावांनी ते मोठे झालेले असतात आणि असं पातं काचेसारखं मोडतं. ८७० अंशांना तापवून हवेत काळं होईपर्यंत निववा, मग ८२०, मग ७६०. दर वेळी आधीपेक्षा कमी. चुंबक सुमारे ७७० अंशांना चिकटणं बंद होतो, त्यावरून अंदाज बांधा.

पाणी द्यायचं ते तेलात. कोयत्यासारखं साध्या पाण्यात विझवलं तर थरांचं पातं सांध्यावर तडकण्याची दाट शक्यता असते. शेंगदाण्याचं पाच-सहा लिटर तेल, उभ्या लोखंडी डब्यात, ५० ते ५५ अंश गरम. थंड तेल घट्ट असतं, ते पात्याभोवतीची वाफ लवकर फोडू शकत नाही. जुनं इंजिन ऑइल नको, धूर घातक आणि विझवणं हळू. अंधाऱ्या जागी पातं तापवा. चुंबक सुटल्यावर पात्यातून एक गडद सावली सरकत जाते, ती पूर्ण निघून गेली आणि सगळीकडे एकसारखा रंग आला की ८०० ते ८१५ अंश धरा. पाच मिनिटं तिथेच, मग टोक खाली धरून सरळ बुडवा आणि धारेच्या दिशेने पुढे-मागे हलवा. आडवं हलवलं की वाक येतो. दहा सेकंदांनी बाहेर काढा. वाक आलाच असेल तर अजून गरम असतानाच, दोनशे अंशांच्या वर, दोन सपाट पट्ट्यांमध्ये दाबा. थंड झाल्यावर सरळ करायला गेलात तर पातं मोडेल. डब्याचं झाकण हाताशी असू द्या, तेल पेट घेऊ शकतं.

वरची खपली काढून कानस फिरवा. घसरली तर पाणी लागलं. रुतली तर लगेच निराश होऊ नका, आधी वरचा कार्बन गेलेला थर घासून पुन्हा बघा. पाणी उतरवणं, म्हणजे ठिसूळपणा जाण्यासाठी पातं पुन्हा मंद तापवणं, तासाभराच्या आत, रात्रभर तसंच ठेवलं तर पातं आपोआप तडकू शकतं. ओव्हनमध्ये वाळूच्या ट्रेत पुरून २०० अंशांना दोन तास, निववून पुन्हा दोन तास. ओव्हनच्या बटणावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. कडकपणा ५९-६० रॉकवेलच्या आसपास येतो. यानंतरच्या घासण्यात पातं सतत पाण्यात बुडवा. धार निळी झाली तर तिथलं पाणी गेलं.

नक्षी उठवायला फेरिक क्लोराइड. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत, सर्किट बोर्डासाठी म्हणून मिळतं. कोरडी पूड १०० ग्रॅम, पाणी ७०० मिलिलिटर, प्लास्टिकच्या भांड्यात. पूड पाण्यात हळूहळू टाका, पाणी पुडीवर ओतू नका, मिश्रण चांगलंच गरम होतं. हातमोजे आणि चष्मा हवाच. पातं ६०० नंबरपर्यंत, लांबीच्या दिशेने, हाताने घासलेलं आणि तेलाचा अंशही नसलेलं असू द्या. दहा मिनिटं उभं बुडवा, पाण्याखाली धुवा, काळी साय २००० नंबरच्या कागदाने अलगद पुसा, पुन्हा बुडवा. तीन-चार वेळा पुरे. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्यात पाच मिनिटं, मग धुऊन, कोरडं करून तेल.

नीट पाणी लागलेलं पोलादच खोल काळं होतं. नक्षी फिकट आली तर आधी पाणी तपासा, मग घासकाम. ग्राइंडरचे खडबडीत ओरखडे उरले असतील तर ते आम्लात आणखी उठून दिसतात आणि थर झाकून टाकतात.

आम्लानंतर पात्यावर एखादी रेघ नक्षीशी न जुळणारी, थरांना समांतर पण त्यांच्यापेक्षा गडद दिसली, तर तिच्यावर नख फिरवा. नख अडलं तर तो न बसलेला सांधा आहे. पाठीकडे असेल तर सुरी चालेल, पण त्या फटीत ओल राहून गंज धरतो, म्हणून वापरून झाल्यावर ती लगेच पुसावी लागेल. धारेत किंवा धारेपासून दहा मिलिमीटरच्या आत असेल तर ते पातं कुणाला देऊ नका. ते रेघेच्या जागी आडवं कापा आणि सांधा आत कसा दिसतो ते भिंगाने बघा. फटीत काचेसारखा टाकणखार अडकलेला दिसला तर ठोके कडेपासून पडले होते, करडी खपली दिसली तर भट्टीत हवा जास्त होती.